मैफलीमागचा हिशेब: गाण्या-वाजवण्यातून संस्थेच्या कारभारात येणाऱ्यांसाठी

पहिल्यांदा देणगी मागायला गेलो तेव्हा मी समोरच्या गृहस्थांशी वीस मिनिटं मारवा रागाबद्दल बोललो. हार्डवेअरचं दुकान, संध्याकाळची वेळ, गिऱ्हाईक येत-जात होतं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं, चहा पाजला आणि विचारलं, "ते सगळं बरोबर आहे हो, पण माझ्याकडून नक्की किती हवेत आणि कशासाठी?" माझ्याकडे उत्तर नव्हतं. "तुमच्या मनाला येईल ते," असं काहीतरी पुटपुटलो. त्यांनी पाचशे एक रुपये दिले. पुढच्या वर्षी गेलो तेव्हा एक कागद नेला होता. त्यावर तबला, संवादिनी, तानपुरे, प्रवास, साऊंड अशा ओळी आणि प्रत्येकीसमोर आकडा. त्यांनी चष्मा लावून कागद वाचला, एका ओळीवर बोट ठेवलं आणि म्हणाले, "हा तबला माझा."

तुम्हाला गाता-वाजवता येतं, पण केवळ मैफलींवर घर चालत नाही, आणि संगीतसंस्था, महोत्सव किंवा नाट्यगृह यांच्या कारभारात शिरायचा विचार आहे, तर त्या दोन भेटींमध्ये जे शिकलो ते सांगतो.

आधी मनातली एक अढी काढू. "आता काय, मॅनेजर झाला का?" हे घरातून, गुरुबंधूंकडून ऐकावं लागतं. पण आपल्याकडे हे काम गवयांनीच उभं केलंय. विष्णु दिगंबर पलुस्करांनी ५ मे १९०१ रोजी लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढलं ते राजाश्रयावर नव्हे, लोकांच्या देणग्यांवर आणि स्वतःच्या जलशांच्या उत्पन्नावर. सवाई गंधर्व १९५२ मध्ये गेले आणि पुढच्याच वर्षी भीमसेन जोशींनी गुरूंच्या नावाने पुण्यात महोत्सव सुरू केला. कलाकार ठरवण्यापासूनची धावपळ त्यांनी वर्षानुवर्षं केली. ८ जुलै १९२१ ला बालगंधर्व आणि केशवराव भोसले या दोन प्रतिस्पर्धी कंपन्यांच्या मालकांनी एकत्र येऊन 'मानापमान'चा संयुक्त प्रयोग केला तो टिळक स्वराज्य फंडासाठी. निधी उभारणीचा इतका जबर प्रयोग मराठी रंगभूमीवर पुन्हा झाला असेल असं मला तरी वाटत नाही.

पलुस्करांची दुसरी बाजूही लक्षात ठेवा. लाहोरहून मुंबईला आल्यावर संस्थेवर कर्ज चढलं, ते फिटेना, शेवटी मालमत्तेचा लिलाव झाला. त्यांच्या निधनानंतर १९३१ मध्ये शिष्यांनी अखिल भारतीय गांधर्व महाविद्यालय मंडळ स्थापन केलं. त्या मंडळाच्या परीक्षांना आजही देशभरातून मुलं बसतात. प्रत्येक परीक्षेचं शुल्क लहान, पण दर वर्षी येणारं. नव्याने कामाला लागणाऱ्या माणसाने या दोन्ही गोष्टी शेजारी-शेजारी ठेवून बघाव्यात.

कुठून शिरायचं

जाहिरात वाचून अर्ज करण्याआधी गावातल्या किंवा उपनगरातल्या एखाद्या म्युझिक सर्कलमध्ये एक अख्खं वर्ष काढा. कोल्हापूरचा देवल क्लब १८८३ पासूनचा, पुण्याचा भारत गायन समाज १९११ चा. इतकं जुनं नसेल, पण तुमच्या आसपास महिन्याला एक बैठक करणारं मंडळ नक्की असतं. तिथे रंगमंचाजवळचं काम मागू नका. कलाकारांना हार घालणं आणि निवेदन करणं यासाठी माणसं रांगेत उभी असतात. तिकीटखिडकी आणि पावतीपुस्तक ही दोन कामं मागून घ्या. ती कुणालाच नको असतात, त्यामुळे लगेच मिळतात, आणि तीन महिन्यांत तुम्हाला कळतं की सभासद कोण, वर्गणी कोण थकवतं, फुकट पास कोण मागतं आणि शांतपणे दर वर्षी दहा हजार कोण देतं.

पगारी काम हवं असेल तर मोठ्या संस्थांकडे बघावं लागेल. मुंबईत १९६९ साली स्थापन झालेलं एनसीपीए (नॅशनल सेंटर फॉर द परफॉर्मिंग आर्ट्स), त्यांचाच २००६ पासूनचा सिम्फनी ऑर्केस्ट्रा ऑफ इंडिया, गोव्यात कला अकादमी आणि पणजीला डिसेंबरात होणारा सेरेंडिपिटी महोत्सव, बंगळुरूत कलांसाठी अनुदान देणारं इंडिया फाउंडेशन फॉर द आर्ट्स. अशा ठिकाणी कामं वेगवेगळ्या विभागांत वाटलेली असतात: कार्यक्रम ठरवणारे, ते रंगमंचावर उभे करणारे, तिकिटं आणि प्रसिद्धी बघणारे, आणि पैसा उभा करणारे. या शेवटच्या विभागाला तिथे 'डेव्हलपमेंट' म्हणतात. नाव ऐकून अनेक जण ती जाहिरात ओलांडून पुढे जातात.

अर्जात गुरू, घराणं आणि आकाशवाणीची श्रेणी यांना दोन ओळी पुरे. बाकी जागेत हे लिहा: किती कार्यक्रमांचं अंदाजपत्रक सांभाळलं, किती रक्कम जमवली, किती कलाकारांच्या तारखा-प्रवास जुळवले. अरंगेत्रम (नृत्याचं पहिलं जाहीर सादरीकरण) असो की गुरुपौर्णिमा, आपण हे सगळं आयुष्यभर करत आलेलो असतो. त्याला काम म्हणायची आपल्याला सवय नसते, एवढंच. एक्सेल यायला हवं. मराठी आणि इंग्रजी दोन्ही भाषांत एका पानाचं नीट पत्र लिहिता यायला हवं. आणि फोनवर नकार ऐकून पुन्हा महिन्याने फोन करता यायला हवा.

संस्थेची कपाटं उघडा

कुठल्याही मंडळात जबाबदारी घेण्याआधी कागद बघा. लोक संकोचतात, पण हे विचारायचा तुम्हाला हक्क आहे. महाराष्ट्रातली बहुतेक मंडळं १९५० च्या सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याखाली धर्मादाय आयुक्तांकडे नोंदलेली असतात, बरीचशी १८६० च्या संस्था नोंदणी कायद्याखालीही. विश्वस्त बदलले की तो बदल ९० दिवसांत कळवायचा असतो, त्याला सगळे 'चेंज रिपोर्ट' म्हणतात. जुन्या मंडळांत गंमत अशी दिसते की कागदोपत्री खजिनदार असलेले काका जाऊन आठ वर्षं झालेली असतात आणि बँकेत सही अजून त्यांचीच चालू. चेंज रिपोर्ट अडकला की बँक, अनुदान, कंपन्यांचा निधी सगळं अडकतं. मला एका मंडळात पहिले सहा महिने फक्त हेच निस्तरावं लागलं. त्या काळात मी एकही मैफल ठरवली नाही, आणि आज वाटतं की तिथलं माझं सगळ्यात उपयोगी काम तेच होतं.

मग बघा: लेखापरीक्षण वेळेवर झालंय का, आयकर खात्याकडे १२ ए (संस्थेला करमाफी) आणि ८० जी (देणगीदाराला करात वजावट) यांची नोंदणी जिवंत आहे का. एकेकाळी ही नोंदणी कायमची असे, आता ठरावीक मुदतीने नूतनीकरण लागतं. नवा आयकर कायदा १ एप्रिल २०२६ पासून आलाय, त्यामुळे कलमांचे आणि फॉर्मचे क्रमांक बदलले. पण बोलताना सगळे अजून 'एटीजी'च म्हणतात, मीही इथे जुनी नावंच वापरतोय. क्रमांकांची खातरजमा मंडळाच्या सीएकडून करा. आणि सीएला मैफलीचे दोन पास पाठवायला विसरू नका, हा विनोद नाही.

नोंदणी नसलेल्या मित्रमंडळाने पावतीपुस्तक छापून वर्गणी गोळा करायला लागू नये. गणेशोत्सवाच्या मंडळांना दर वर्षी धर्मादाय आयुक्तांची तात्पुरती परवानगी घ्यावी लागते ती उगाच नाही.

आधी खर्च, मग कलाकार

आपण उलट करतो. आधी "यंदा अमुक बुवांना बोलवू" ठरतं, मग पैशांसाठी धावाधाव. कागदावर सुरुवात करा. समजा साडेतीनशे खुर्च्यांचं नाट्यगृह आहे, एक संध्याकाळ, एक उदयोन्मुख आणि एक प्रथितयश कलाकार. मुख्य कलाकार ७५,०००. त्यांची साथ, म्हणजे तबला, संवादिनी आणि तानपुरा, ३५,०००. उदयोन्मुख गायिका साथीदारांसह २५,०००. नाट्यगृह ३०,०००, साऊंड २०,०००, प्रवास आणि मुक्काम २२,०००, छपाई आणि प्रसिद्धी ८,०००, चहा-जेवण ९,०००, परवाने-फुलं-किरकोळ ६,०००. बेरीज २ लाख ३० हजार. त्यावर दहा टक्के अनपेक्षित खर्चाचे, म्हणजे २३,०००. एकूण २ लाख ५३ हजार. हे आकडे उदाहरणादाखल आहेत. तुमच्या गावात नाट्यगृह स्वस्त असेल, कलाकार महाग असतील.

आता जमेची बाजू. साडेतीनशेपैकी अडीचशे तिकिटं विकली जातील असं धरा, कारण शंभर खुर्च्या सभासद, देणगीदार आणि "आपलेच हो" म्हणणारे घेतात. ३०० रुपये दराने ७५,०००. स्मरणिकेच्या जाहिराती ६०,०००, एक प्रायोजक ५०,०००, सभासद वर्गणीतला वाटा ४०,०००. जमा २ लाख २५ हजार. तूट २८,०००. ही २८,००० ची ओळ म्हणजे तुमचं काम. तिकिटाचा दर माणशी ५०० रुपयांच्या आत ठेवला तर संगीताच्या कार्यक्रमाच्या प्रवेशावर जीएसटी लागत नाही, आणि शास्त्रीय किंवा लोककलेच्या कलाकाराचं एका कार्यक्रमाचं मानधन दीड लाखाच्या आत असेल तर त्यावरही नाही. मानधनातून टीडीएस कापला तर प्रमाणपत्र कलाकाराला वेळेत द्या. साथीदारांना जुलै महिन्यात या कागदासाठी संयोजकांच्या मागे फिरताना मी पाहिलंय, मीही फिरलोय.

साथीदारांचा विषय निघालाच आहे तर एक सांगतो. अंदाजपत्रकात साथीची ओळ वेगळी दाखवा आणि जमल्यास ते मानधन थेट त्यांच्या खात्यावर भरा. मुख्य कलाकाराच्या हातात एकगठ्ठा पाकीट देऊन "तुम्ही बघा काय ते" म्हटलं की पुढे काय होतं हे साथ करणाऱ्याला विचारावं. तुम्ही स्वतः वाजवणारे असाल तर संस्थेला याबाबत शहाणं करणं तुमच्याकडूनच होईल.

पैसा कुठून येतो

सगळ्यात विश्वासाचा पैसा सभासदांचा. वार्षिक, आजीव, आश्रयदाते अशा पायऱ्या जुन्या मंडळांत असतात. आजीव सभासदत्व फार स्वस्त विकू नका. १९८० च्या सुमारास काही शे रुपयांत आजीव झालेले सभासद आज चाळीस वर्षं पहिल्या रांगेत बसतात, आणि ते आनंदाने बसावेतच, पण त्यांच्या खुर्चीचा आजचा खर्च दुसऱ्या कुणाला भरावा लागतो. आजीव वर्गणी खर्च करू नका, ती कायम निधीत टाका.

स्मरणिका ही आपली खास मराठी युक्ती. सराफ, सहकारी बँक, मिठाईवाले, बिल्डर, एखादा डॉक्टर, सगळे पाव पान-अर्धं पान घेतात. खरं सांगायचं तर ती जाहिरात वाचून कुणी साखरपुड्याचा हार घ्यायला जात नाही. ते तुमच्या मंडळाला दिलेले पैसे असतात, जाहिरात हे निमित्त. म्हणून अंक छापल्यावर तो जाहिरातदाराच्या दुकानात स्वतः नेऊन द्या, त्यांचं पान उघडून दाखवा. नावात काना-मात्रा चुकली तर पुढच्या वर्षी ते पान गेलंच समजा.

स्मृतिप्रीत्यर्थ निधी हा माझा आवडता मार्ग. वडील गाण्याचे शौकीन होते, त्यांच्या नावाने काहीतरी करावं असं मुलांना वाटत असतं, पण काय ते ठाऊक नसतं. तुम्ही सुचवा. पाच लाख रुपये कायम ठेवीत, त्यावर सात टक्के व्याज मिळालं तर वर्षाला ३५,०००, त्यात त्यांच्या नावाने दर वर्षी एका तरुण कलाकाराचं गाणं. त्या कुटुंबातल्या लोकांना तो दिवस कॅलेंडरवर सापडतो. मात्र पत्र लिहितानाच स्पष्ट करा की व्याजदर उतरला तर कार्यक्रमाचं स्वरूप बदलेल. वीस वर्षांपूर्वी दहा हजारांची ठेव घेऊन "दर वर्षी सुवर्णपदक देऊ" असं लिहून दिलेली मंडळं आज अक्षरशः खिशातून पदक देतात. धर्मादाय संस्थेने पैसे कुठे ठेवायचे याचे नियम आयकर कायद्यात आहेत. राष्ट्रीयीकृत बँकेची मुदतठेव ही साधी वाट. जास्त व्याजाच्या मोहाने कुठल्यातरी पतपेढीत टाकू नका.

आता कंपन्या. इथे नवखे लोक हमखास घसरतात, कारण 'सीएसआर', म्हणजे कंपन्यांची सामाजिक जबाबदारी, हा शब्द सगळ्यांच्या तोंडी आहे. २०१३ च्या कंपनी कायद्याच्या कलम १३५ नुसार ज्या कंपनीचा निव्वळ नफा ५ कोटी, उलाढाल १,००० कोटी किंवा नक्त मूल्य ५०० कोटी यांपैकी एक तरी मर्यादा गाठते तिला मागच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याच्या २ टक्के रक्कम सामाजिक कामांवर खर्च करावी लागते. त्या कामांच्या सातव्या अनुसूचीत राष्ट्रीय वारसा, कला, संस्कृती यांचं संरक्षण आणि पारंपरिक कलांचा विकास आहे. पण एका संध्याकाळच्या मैफलीवर कंपनीचं नाव लावणं हे त्यात बसत नाही. केंद्र सरकारने २०१४ सालीच सांगितलंय की एकदाच होणारे कार्यक्रम सीएसआर खर्चात धरले जाणार नाहीत, आणि २०२१ च्या नियमांनी जाहिरातीचा फायदा मिळवण्यासाठी दिलेलं प्रायोजकत्वही बाहेर ठेवलं.

म्हणजे कंपनीत दोन वेगवेगळ्या दारांवर टकटक करावी लागते. महोत्सवाचा फलक आणि निवेदनात नाव हवं असेल तर मार्केटिंगचं दार. तिथे विचारतात की किती लोक येतात, कोणत्या वयाचे, चित्रफिती कुठे दिसतील. वर्षभर चालणारं काम, जसं पालिकेच्या शाळांत गायनाचे वर्ग, जुन्या ध्वनिमुद्रणांचं जतन, गुरुकुलातल्या मुलांच्या शिष्यवृत्त्या, हे असेल तर सीएसआरचं दार. तिथे संस्थेचा सीएसआर-१ नोंदणी क्रमांक, १२ ए, ८० जी आणि किमान तीन वर्षांच्या कामाचा पुरावा लागतो. मी एका कंपनीत सीएसआरच्या माणसापुढे महोत्सवाचं सादरीकरण केलं होतं. भला माणूस, शेवटी म्हणाला, "मला स्वतःला यायला आवडेल, पण माझ्याकडून एक रुपया निघणार नाही." त्याने मला शेजारच्या मजल्यावर पाठवलं, तिथून पंचवीस हजार मिळाले.

सरकारी अनुदानांची गोष्ट थोडक्यात. केंद्राच्या संस्कृती मंत्रालयाच्या कला संस्कृती विकास योजनेत कार्यक्रम आणि निर्मितीसाठी संस्थेला साधारण ५ लाखांपर्यंत मदतीची तरतूद आहे. नीती आयोगाच्या दर्पण संकेतस्थळावरचा नोंदणी क्रमांक त्यासाठी लागतो. नागपूरचं दक्षिण-मध्य आणि उदयपूरचं पश्चिम विभागीय सांस्कृतिक केंद्र या दोन्हींत महाराष्ट्र येतो. राज्याचं सांस्कृतिक कार्य संचालनालय आहे. अर्ज जरूर करा, पण मैफल त्या पैशावर ठरवू नका. पैसा येतो, पण तबलजीचं मानधन देण्याच्या दिवशी येत नाही. आणि उपयोगिता प्रमाणपत्र, म्हणजे अनुदान ठरल्या कामावरच खर्चल्याचा दाखला, वेळेत गेलं नाही तर पुढचं दार बंद.

परदेशातल्या मराठी माणसांकडून येणारा पैसा हा सगळ्यात निसरडा भाग. न्यू जर्सीतला तुमचा शाळासोबती प्रेमाने म्हणतो, "पन्नास हजार पाठवतो, रुपयांतच पाठवतो." त्याच्याकडे अजून भारतीय पासपोर्ट असेल आणि तो स्वतःच्या बचतीतून बँकेमार्फत पाठवत असेल तर ती परकीय देणगी धरली जात नाही. पण त्याने अमेरिकेचं नागरिकत्व घेतलं असेल, ओसीआय (परदेशस्थ भारतीय) कार्ड असलं तरी, रक्कम रुपयांत आली तरी, ती परकीय देणगी ठरते. मग एफसीआरए, म्हणजे परकीय देणग्यांच्या कायद्याखालची, नोंदणी लागते, आणि ती घेण्यासाठी संस्था किमान तीन वर्षं जुनी आणि त्या काळात तिने मुख्य कामांवर १५ लाख खर्च केलेले असावे लागतात. २०२० पासून असा सगळा पैसा आधी दिल्लीतल्या स्टेट बँकेच्या मुख्य शाखेतल्या खात्यातच यावा लागतो. म्हणून परदेशातून कुणी देऊ केलं तर आभार मानण्याआधी पासपोर्ट विचारा. अवघडल्यासारखं होतं, पण मी विचारतो. नागरिकत्व बदललेल्या मित्रांना मी सांगतो की पैसे पाठवू नका, आमचा कलाकार तुमच्याकडे दौऱ्यावर आला की त्याच्या कार्यक्रमाचं तिकीट काढा.

मागायचं कसं

फोनवर वेळ ठरवा, भेटायला दोघं जा. एक जण बोलणारा, दुसरा त्या घरात ज्याचा शब्द चालतो असा. एक पान न्या. त्यात कार्यक्रम काय, एकूण खर्च किती, जमलं किती, आणि त्यांच्याकडून हवेत ते नेमके किती आणि कशासाठी. आकडा तोंडाने उच्चारा आणि मग गप्प बसा. ही गप्प बसण्याची वेळ फार लांबते असं वाटतं, समेवर येईपर्यंत थांबता येणाऱ्या माणसाला तरी ती जमायला हवी. बहुतेक नवखे तिथेच घाईने म्हणतात, "किंवा निम्मे दिले तरी चालतील." संपलं.

करसवलतीवर भर देऊ नका. ८० जी मुळे देणगीदाराला साधारण निम्म्या रकमेची वजावट मिळते, पण ती जुन्या करप्रणालीत राहिलेल्यांनाच. नवीन प्रणालीत ती नाही, आणि पगारदार मोठ्या संख्येने तिकडे गेलेत. रोख २,००० रुपयांपेक्षा जास्त घेतले तर त्या रकमेवर वजावट कुणालाच मिळत नाही, म्हणून धनादेश किंवा ऑनलाइनच घ्या. आणि पॅन नंबर त्याच दिवशी लिहून घ्या. मे महिन्यात देणग्यांचं विवरण भरायची शेवटची तारीख जवळ आली की खजिनदार दोनशे लोकांना "काका, पॅन?" असे मेसेज पाठवत बसतो. ३१ मे चुकली तर दिवसाला २०० रुपये विलंब शुल्क असतं.

"पुढच्या वर्षी बघू" हा नकार नाही. वहीत तारखेसह लिहा आणि पुढच्या वर्षी त्याच महिन्यात जा. त्यांनाही आश्चर्य वाटतं की तुम्हाला आठवलं.

परवाने आणि तो दिवस

उघड्या मांडवात कार्यक्रम असेल तर रात्री दहा. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनुसार दहा ते सकाळी सहा ध्वनिक्षेपक बंद. राज्य सरकार वर्षातले मोजके दिवस, जास्तीत जास्त १५, बारापर्यंत सूट देऊ शकतं. बंद सभागृहाला ही अडचण नाही. या नियमांनी रात्रभराचे महोत्सव संपवले. पहाटेचा भैरव आता सकाळच्या सत्रात, चहा पिऊन आलेल्या श्रोत्यांसमोर होतो, आणि याबद्दल माझं स्वतःचं मत छापण्याजोगं नाही. पोलिसांची परवानगी, नाटक असेल तर रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळाचं प्रमाणपत्र, ही यादी नाट्यगृहाच्या व्यवस्थापकाला तोंडपाठ असते, त्यांना विचारा. बंदिशी परंपरेच्या असतात, पण भावगीतांचा किंवा चित्रपटगीतांचा कार्यक्रम असेल तर आयपीआरएस या गीतकार-संगीतकारांचे हक्क सांभाळणाऱ्या संस्थेचा परवाना लागतो. तो खर्च अंदाजपत्रकात नसतो आणि आदल्या आठवड्यात आठवतो.

प्रत्यक्ष दिवशी तुम्ही गाणं ऐकू शकणार नाही हे आधीच मान्य करा. मी पहिल्या महोत्सवात विंगेत उभा राहून विलंबित ऐकत होतो आणि त्याच वेळी बाहेर प्रायोजकाचा फलक उलटा लागला होता.

आपल्याच कार्यक्रमात आपण वाजवावं का? माझं उत्तर नाही असं आहे, निदान पहिली पाच वर्षं. भीमसेनजी स्वतः महोत्सवाची सांगता करत, पण लोक त्यांच्यासाठीच येत होते. तुम्ही विश्वस्त असाल तर संस्थेकडून मानधन घेताना आयकराचा प्रश्न उभा राहतो, आणि त्याहून मोठा प्रश्न कार्यकारिणीतल्या कुजबुजीचा असतो. वाजवायचं तर दुसऱ्या मंडळात वाजवा, त्यांच्या वादकाला तुमच्याकडे बोलवा. रियाज मात्र सोडू नका. सकाळी दीड तास, फोन बंद. कलाकाराशी मानधनाची बोलणी करताना त्याने कालच कुठला राग लावला होता हे तुम्हाला उमगत असेल, तर ती बोलणी वेगळी होतात.

सोमवारी

कार्यक्रम रविवारी संपला. सोमवारी सकाळी आधी कलाकारांची राहिलेली रक्कम आणि प्रवासखर्च भरा. मंगळवारपर्यंत देणगीदारांच्या पावत्या. आठवड्याच्या आत एक पानाचं पत्र: किती लोक आले, जमा किती, खर्च किती, तूट किंवा शिल्लक किती. तूट असेल तर तीही लिहा. एका वर्षी आम्हाला सतरा हजारांची तूट आली आणि ती तशीच छापली, तेव्हा कार्यकारिणीतले दोघं नाराज झाले की लोकांना काय वाटेल. तीन देणगीदारांनी स्वतःहून फोन करून ती भरून काढली.

ज्याने तबल्याची ओळ उचलली होती त्याला तबल्याचं रेकॉर्डिंग पाठवा, सगळ्या मैफलीचं नको. हार्डवेअरवाल्या गृहस्थांना मी द्रुत तीनतालातला सात मिनिटांचा तुकडा पाठवला होता. ते दुकानात लावतात म्हणे, दुपारी गिऱ्हाईक कमी असतं तेव्हा. या वर्षी त्यांनी संवादिनीही घेतली आहे.